साहेब, आमच्या टाइमशीटवर विश्वास ठेवू नका

प्रति,
मा. कामगार आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये पंधरा वर्षं सॉफ्टवेअरचं काम करते आहे. आजवर आपल्या खात्याची पायरी मी कधी चढलेले नाही आणि माझ्या ओळखीतल्याही कुणी चढल्याचं ऐकलेलं नाही. आपल्या दप्तरात आमच्या तक्रारी फारशा दिसत नसतील, तर त्यामागचं कारण सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. आपण उद्या तपासणीला आलात तर कंपनी आपल्यापुढे जो कागद ठेवेल, तो आम्हीच आमच्या हाताने खोटा भरलेला असतो. मीही भरला आहे. टीम लीड झाल्यावर हाताखालच्या मुलांकडून भरूनही घेतला आहे.

आधी टाइमशीटचं सांगते. दर शुक्रवारी संध्याकाळी कुठल्या प्रोजेक्टवर किती तास काम केलं ते सिस्टिममध्ये टाकायचं असतं. आमच्या एका प्रोजेक्टचा सौदा ठरावीक रकमेचा होता. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची जुनी प्रणाली बदलून द्यायची होती, अकरा माणसांत, सहा महिन्यांत. ज्यांनी तो जुना कोड उघडून वाचला होता त्यांनी, म्हणजे आम्ही, नऊ महिने लागतील असं लिहून दिलं होतं. काम हातचं जाऊ नये म्हणून सेल्सने सहा सांगितले आणि वरून होकार आला. मधले तीन महिने कुठून तरी आणायचेच होते. ते आमच्या रात्रींतून आणि शनिवार-रविवारांतून आणले गेले. आता हे जादा तास टाइमशीटमध्ये उतरले असते तर प्रोजेक्टचा खर्च फुगलेला दिसला असता, मार्जिन, म्हणजे नफ्याचं प्रमाण, खाली आलं असतं, आणि डिलिव्हरी हेडचा, म्हणजे प्रोजेक्ट पुरे करून देण्याची जबाबदारी असलेल्या वरिष्ठाचा, बोनस त्या मार्जिनवर ठरतो. म्हणून निरोप यायचा, नेहमी तोंडी, मेलवर कधीच नाही: आठच तास भरायचे. एखाद्याने साडेदहा लिहिले की शीट नामंजूर होऊन परत जायची. ती परत पाठवण्याचं बटण माझ्याकडे होतं. मी ते दाबत होते.

त्रास देणारा मॅनेजर म्हटलं की लोकांसमोर आरडाओरडा करणारा, तोंडाने फटकळ माणूस उभा राहतो. आमचे मॅनेजर तसे नव्हते. त्यांना आम्ही नावाने हाक मारायचो, आयटीत सगळेच मारतात. वाढदिवसाला केक यायचा. रात्री आठला क्लायंटबरोबर कॉल असायचा, तोही हसतखेळत पार पडायचा. क्लायंट कॉलवरून उतरला की त्यांचा आवाज बदलायचा. मग स्क्रीनवर एक एक्सेल शीट उघडायची, त्यात आमची अकरा नावं, आणि ज्याचं काम मागे पडलं त्याच्या नावापुढे लाल रंग. त्या मुलाला किंवा मुलीला कॅमेरा सुरू करायला सांगितलं जायचं आणि बाकीच्या दहाजणांनी ऐकत बसायचं. ‘तुला पास कुणी केलं?’ हा प्रश्न मी त्या कॉलवर किती वेळा ऐकला ते मोजलेलं नाही. एकदा एक मुलगी म्हणाली, आईला दवाखान्यात दाखवायचंय, साडेनऊला निघू का. त्यावर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग ते शांतपणे म्हणाले, ‘निघ ना. आम्ही आहोतच तुझं काम करायला.’ ती निघाली नाही. या सगळ्यात एकही शिवी नव्हती. तक्रार लिहायला बसले असते तर काय लिहिलं असतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारी लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं पोस्टर आहे. २०१३ चा कायदा. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर त्यावर आहेत. त्या पोस्टरचा मला आधार वाटतो, हे मनापासून सांगते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तेही नव्हतं, आणि तेव्हा मुलींनी काय सोसलं ते मी पाहिलं आहे. पण रात्रीच्या कॉलनंतर लिफ्टची वाट पाहताना रोज वाटायचं, माणसाला दहाजणांसमोर रोज थोडं थोडं लहान करत नेलं तर त्यासाठी कुठला नंबर फिरवायचा? एचआरचा? ज्या डिलिव्हरी हेडच्या आकड्यांवर सगळं चालतं, एचआर त्यांच्याच बैठकीत त्यांच्या शेजारी बसलेलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

आमच्या टीममध्ये वाशीमकडचा एक मुलगा होता. तीन वर्षं आणि काही महिने झाले होते त्याला. हुशार म्हणण्यापेक्षा चिवट होता. इतरांनी सोडून दिलेला बग दोन-दोन दिवस धरून बसायचा आणि सोडवायचा. त्या वर्षी वडिलांच्या ऑपरेशनसाठी तो तीन आठवडे गावी गेला होता, रीतसर रजा मंजूर करून घेऊन. अप्रेझलच्या वेळी मला सांगण्यात आलं की अकराजणांत एकाला सर्वांत खालचं रेटिंग द्यावंच लागेल, कारण बेल कर्व्ह, म्हणजे कुठलं रेटिंग किती जणांना द्यायचं याची आधीच ठरलेली वाटणी. काम सगळ्यांचं चांगलं असलं तरी एक जण तळाला हवाच. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये सोडून दिली, तेव्हा आमच्याकडच्या मेलवर त्याची बातमी फिरली होती आणि आता आपल्याकडेही जाईल असं आम्ही एकमेकांना सांगितलं होतं. ती गेली नाही. मी दोन रात्री त्या यादीकडे पाहत बसले. एकीला लहान मूल होतं, एकाचं घराचं कर्ज नुकतं सुरू झालं होतं, एक जण मॅनेजरच्या मर्जीतला होता. तीन आठवडे रजेवर असलेल्याचं नाव खाली टाकणं सगळ्यांत सोपं होतं, कारण त्याच्या नावापुढे काम कमी दिसतच होतं. मी त्याचं नाव टाकलं.

त्यानंतर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दोन महिन्यांचा पीआयपी, म्हणजे सुधारणेची संधी. त्यात अशी उद्दिष्टं होती की मला स्वतःला ती गाठता आली नसती: एकही दोष नसलेला कोड, तोही प्रत्येक आठवड्याला. दोन महिने संपले त्या दिवशी दुपारी चारला त्याला एका छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. मोबाइल बाहेर टेबलावर ठेवायला सांगितला. आत एचआरची एक बाई, मॅनेजर आणि मी. त्याला सांगण्यात आलं की स्वतःहून राजीनामा दिलास तर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून रीतसर मोकळं केल्याचं पत्र, व्यवस्थित मिळेल. नाही दिलास तर काढून टाकल्याची नोंद होईल आणि पुढच्या कंपनीने बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन केलं की ती दिसेल. ‘आम्ही तुझ्या करिअरचाच विचार करतोय.’ त्याने घरी फोन करू का विचारलं. आधी मेल पाठव, मग कर, असं उत्तर आलं. मजकूरही तयार होता. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, कंपनीत खूप शिकायला मिळालं, सर्वांचे आभार. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपच्या स्क्रीनकडे पाहिलं. चार वाजून पस्तीस मिनिटांनी मेल गेला.

साहेब, तो मेल कंपनीच्या दप्तरात आजही असेल आणि न्यायालयात तो खोटा ठरवणं कठीण जाईल. त्या मुलाला छाटणी म्हणून काढलं असतं तर एक महिन्याची नोटीस, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आणि सरकारला कळवणं, एवढं करावं लागलं असतं. तीन वर्षांचे पंचेचाळीस दिवस होतात. ही सारी रीत चुकवण्यासाठी त्याला स्वतःच्या हाताने खोटं लिहायला लावलं. आणि तो ते लिहिणारच होता, कारण आमच्या धंद्यात रिलीव्हिंग लेटरशिवाय पुढची नोकरी मिळत नाही. मला बोलायला हवं होतं. निदान त्याला फोन करू द्या, एवढं तरी. मी बोलले नाही, कारण पुढच्या वर्षीच्या यादीत तळाला कुणाचं नाव जाईल याची मला कल्पना होती.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं होते. भोंगा, कार्ड पंचिंग, पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइमची वेगळी ओळ, ती दुप्पट दराने. लहानपणी मला ती सगळी भानगड मागासलेली वाटायची. आम्ही संगणक शिकणारी मुलं, आम्हाला भोंगा कशाला हवा. एका सुपरवायझरने कुणाच्या तरी बापाचा उद्धार केला म्हणून त्यांच्या शॉपमधली यंत्रं अर्धा तास बंद राहिली होती आणि त्याने सगळ्यांसमोर येऊन माफी मागितली होती, ही गोष्ट बाबा अनेकदा सांगायचे. त्या मुलाच्या राजीनाम्याचं मी घरी सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘तुमची युनियन काय करत होती?’ नाहीये म्हटल्यावर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मग निदान लिहून तरी ठेव. रोज. गेलीस कधी, आलीस कधी. खरं.’

मी लेकीच्या जुन्या शाळेच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला सुरुवात केली. त्यातला एक मार्च सांगते. धुळवडीची सुट्टी वगळता कामाचे वीस दिवस होते. टाइमशीटमध्ये १६० तास. वहीत २५१. पाडवा त्या वर्षी रविवारी आला होता. सकाळी गुढी उभारली आणि दहा वाजता रिलीजसाठी लॅपटॉप उघडला. गुढी उतरवायला कुणी तरी मला हाक मारत होतं ते मला नंतर आठवलं. ते ९१ तास कुठल्याच कागदावर नाहीत. आठवड्याला साधारण ५६-५७ तास पडतात ते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो असा त्याचा निष्कर्ष आहे. अडतिसाव्या वर्षी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

२०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास सांगत होता, त्यावर गेलं तर दुप्पट मोबदला. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने नवाचे दहा करायला आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. त्यावर चर्चा झाल्या, लेख आले. मी ते वाचत होते आणि मला कळत नव्हतं की यातला कुठला आकडा आमच्याबद्दल आहे. कारण ज्या मजल्यावर रोज आठच तास लिहिले जातात, तिथे नऊ काय आणि दहा काय, मर्यादा कधीच ओलांडली जात नाही.

आणि विचारायला गेलो तर उत्तर तयार असतं: तुम्ही कामगार नाही, तुम्ही मॅनेजमेंट. या कायद्यातून व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना वगळलं आहे, हे खरं. पण आमच्याकडे दोन-तीन वर्षांत मुलं ‘सीनिअर’ होतात, पाच-सहा वर्षांत ‘लीड’, आणि त्यांना कुणाची रजासुद्धा मंजूर करता येत नाही. माणसाचं पद काय यापेक्षा तो प्रत्यक्षात मुख्यतः काय काम करतो ते पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालय पूर्वीपासून सांगत आलं आहे. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती मला फार उशिरा समजली: वगळलेल्या पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर लावायची आणि तिची प्रत आपल्या अधिकाऱ्याला पाठवायची. पंधरा वर्षांत तीन कंपन्या झाल्या, ती यादी मी एकदाही पाहिलेली नाही. आपल्याकडे तिची प्रत आली आहे का, एवढं कृपया पाहा. आली असेल तर ती लोकांपुढे ठेवा. कंपनीतली पंच्याहत्तर टक्के माणसं मॅनेजर असतील, तर ती कुणाला मॅनेज करतात हा प्रश्न कुणालाही पडेल.

२०२४ मध्ये पुण्यातच एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीत काम करणारी सव्वीस वर्षांची सीए मुलगी वारली. कामाच्या ताणाने ती गेली असं तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं. कंपनीच्या प्रमुखांनी ते मान्य केलं नाही. काय खरं ते मला सांगता येणार नाही. पण ते पत्र देशभर पसरल्यावर आपल्या खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले, आणि २००७ पासून ते दुकाने कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालत होतं असं पुढे आलं. सतरा वर्षं. एका आईने लिहिलं म्हणून ते दार उघडलं गेलं. हिंजवडीच्या तीन फेजमध्ये, खराडीत, मगरपट्ट्यात अशी किती दारं आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान हवेत, असं औद्योगिक संबंध संहितेत आहे. शेजारच्या कर्नाटकाने आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या अटी-नियम लेखी ठरवून घेण्याच्या, कायद्यातून सूट देतानाही अशी समिती नेमण्याची आणि कुणाला कामावरून काढलं तर ते कामगार खात्याला कळवण्याची अट घातलेली आहे. तिथे ती कितपत पाळली जाते ते तिथले लोक सांगतील. अट तरी आहे. आमच्याकडे ही समिती नेमली गेली का, कामगारांचे प्रतिनिधी कुणी निवडले, हे विचारायला आपला माणूस एकदा यावा. आला तर समितीच्या फाइलवर थांबू नये. कर्मचाऱ्यांशी वेगळं बोलावं, इमारतीच्या बाहेर, एचआरच्या गैरहजेरीत.

तासांसाठी टाइमशीट मागू नका. गेटवर कार्ड लावलं की वेळ उमटते आणि घरून काम करताना व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, जोडलं-सोडलं त्याचीही नोंद राहते. ती कुणी हाताने भरत नाही. एका तिमाहीची ती नोंद आणि त्याच तिमाहीचं टाइमशीट शेजारी शेजारी ठेवलं तर आपल्याला माझ्या पत्राची गरजच उरणार नाही. राजीनाम्यांसाठीही एवढंच मागणं आहे: एकाच मॅनेजरच्या हाताखालून, अप्रेझलनंतरच्या दोन-तीन महिन्यांत, एकाच साच्यातल्या मजकुराचे किती राजीनामे आले ते मागवून घ्या. त्यातल्या पाच जणांना फोन लावा. राजीनामा जबरदस्तीने घेतला असं सांगण्यासाठी आपल्या खात्यात नाव गुप्त राहील अशी एखादी जागा ठेवा, कारण ज्याच्या रिलीव्हिंग लेटरवर अजून सही व्हायची आहे तो नाव लावून तक्रार करणार नाही, हे मी त्या खोलीत बसून पाहिलं आहे.

बाबांकडून ऐकलेलं आणखी एक सांगते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सरकारकडे एक निवेदन दिलं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या त्यावर. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. त्या साडेपाच हजारांतल्या कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नसेल, तरी त्यांनी खऱ्या कागदावर खूण केली. आम्ही इंजिनिअर आहोत, आणि दर शुक्रवारी खोट्या कागदावर सही करतो.

तो वाशीमचा मुलगा आता हैदराबादला आहे. चार महिने नोकरीशिवाय काढले त्याने. मी गेल्या दिवाळीत त्याला फोन केला आणि त्या दिवशी मी गप्प बसले याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही तरी काय करणार होतात.’ त्याने मला माफ केलं म्हणून मी सुटले असं मला वाटत नाही.

मी टीम लीडचं पद सोडलं आहे. कंपनीत अजून आहे. माझ्याकडे चौदा महिन्यांची वही आहे, तारीखवार, शाईच्या पेनाने लिहिलेली. त्याच चौदा महिन्यांच्या टाइमशीटमधल्या माझ्या स्वतःच्या नोंदीही मी उतरवून ठेवल्या आहेत. आपण वेळ द्याल त्या दिवशी रजा टाकून, वही घेऊन मी आपल्या पुण्याच्या कार्यालयात येईन. रजेच्या अर्जात कारण खरं लिहीन.

आपली विश्वासू,
एक सॉफ्टवेअर कर्मचारी
वाकड, पुणे